पेशी वाढविणाऱ्या कमलताई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, ही आपली जुनी रीत आहे. झाशीची राणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई जोशी या सगळ्यांवर लिहून झाले. काहींवर तर दोनदा. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपविले आणि त्याच त्या नकोत, असे वर बजावलेही. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकविणारी बाई. निवृत्त होऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. तेव्हा शास्त्रज्ञ स्त्रीवर लिहावे असे मनात होतेच. पण जिच्यावर लिहावयाचे तिचे नाव मात्र माझ्याकडे माझ्या नातीच्या भांडणातून आले, हे आधी कबूल करते.

भांडण गणपतीतले. आपल्याकडे गणपतीला मुंबईचे चाकरमानी पाण्यातून पोहत यावे लागले तरी येतात. माझी नात नव्या मुंबईत एका प्रयोगशाळेत काम करते आणि वाशीला, शास्त्रज्ञ स्त्रियांच्या संघटनेने चालविलेल्या वसतिगृहात राहते. ती आली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी भरू लागली. गौरी यायच्या बाकी, आणि ही परत निघाली. का, तर म्हणे पेशींना खायला घालायचे आहे! मी चिडले. घरी गाय व्यालेली असती तर एक वेळ समजले असते. काचेच्या बशीतल्या पेशींसाठी गौरी सोडून जायचे, हे मला पटेना. तिने शांतपणे समजावले की, माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढविताना त्यांचे पाणी ठरल्या दिवशी बदलले नाही तर त्या आपल्याच घाणीत गुदमरतात; त्यांना ना गौरी ठाऊक ना रविवार. आणि जाता जाता म्हणाली की, ही विद्या आपल्या देशात रुजविणारी बाई पुण्याची मराठी बाईच होती, तुझ्याच विषयाची, आणि तिच्याविषयी तुला काही माहीत नसावे याचे नवल वाटते. ती बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

मला खरोखरच थोडेसे माहीत होते. नाव आणि पद्मभूषण, एवढेच. नंतर मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले ते भगिनींपुढे ठेवते.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. मुलांनी, आणि विशेष म्हणजे मुलींनीही, चांगले शिकावे असा वडिलांचा कटाक्ष होता. हुजूरपागेत त्यांचे शालेय शिक्षण झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच नवरा करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन ती विशेष गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि नवरा केला तो गणिताचा. १९३९ साली ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. मुलीने बापाची इच्छा मोडली म्हणून त्या घरात काही रुसवेफुगवे झाल्याचे कोठे दिसत नाही. उलट एम. एस्सी.च्या अभ्यासात पतीने त्यांना मदत केली. गणिती मनुष्य बायकोबरोबर पेशींचा अभ्यास करीत बसला आहे, हे चित्र मला फार आवडले. आमच्या वेळी एवढेही कोणी केले नाही. पुस्तक हातात दिसले की दूध उतू गेल्याची चौकशी आधी व्हायची.

एम. एस्सी.चा विषय आपल्या परसातला होता. सीताफळ, रामफळ ज्या कुळात येतात, त्या कुळातील झाडांच्या पेशी आणि त्यांतील रंगसूत्रे. आपला हिरवा चाफाही त्याच कुळातला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात हा अभ्यास करून १९४३ साली त्यांनी पदवी घेतली. सीताफळाच्या पेशीकडून माणसाच्या पेशीकडे जाणे आपल्याला लांबची उडी वाटते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाराला ते शेजारच्या घरी जाण्याइतके जवळ असते.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. आडनावावरून गाव काढायची आपल्याला खोड, तेव्हा सांगते की, खानोली वेंगुर्ल्याजवळची. आणि १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो सारा मुलूख आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच मोडे. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत खानोलकरांचे नाव पहिले घेतात. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू-सुपारीची सवय यांचा संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. हे वाचताना मला आपल्याकडच्या मशेरीच्या डब्या आठवल्या. आपल्यापैकी किती जणींच्या आजीच्या उशाशी ती डबी असे, आणि अजूनही काहींच्या असते, ते ज्याचे त्याने आठवावे.

खानोलकरांच्या हाताखाली कमलताईंनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. तोवर त्या एका मुलाच्या आई होत्या. खानोलकरांनी त्यांना तेवढ्यावर थांबू दिले नाही. परदेशी जाऊन पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या शिकून या, असा आग्रह धरला. शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

येथे थोडे थांबून ही विद्या म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सारे नुसते नावांचे वाचन होईल.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशी शरीरात असते तोवर तिला ऊब, पाणी, साखर, प्राणवायू सारे रक्त आणून देते आणि तिची घाण रक्तच वाहून नेते. ती शरीराबाहेर काढली की हे सारे माणसाने पुरवावे लागते. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या मज्जातंतूंच्या पेशी एका थेंबात जिवंत ठेवून दाखविल्या. त्यानंतर पुष्कळांनी प्रयत्न केले. पण माणसाच्या पेशी काही दिवस तग धरीत आणि मरत. कोणी म्हणे काच वाईट, कोणी म्हणे पाणी वाईट, कोणी म्हणे अन्न.

अन्न म्हणजे तरी काय घालायचे? गाय यांच्या प्रयोगशाळेत ते हाताने बनवीत. कोंबडीच्या रक्तातील प्लाझ्मा, गाईच्या गर्भाचा अर्क, आणि बाळंतपणात वारेच्या नाळेतून मिळणारे मानवी रक्त. ते रक्त आणायला माणसे प्रसूतिगृहाच्या दाराशी ताटकळत. गाय यांनी एक फिरते पिंपही तयार केले होते. त्यात परीक्षानळ्या आडव्या बसवीत आणि पिंप अगदी सावकाश, तासाला एखादा-दुसरा फेरा, असे फिरत राही. त्यामुळे पेशी घटकाभर पाण्यात आणि घटकाभर हवेत राहत, शरीरातल्या हालचालीसारखे. गाय यांच्या पत्नी मार्गारेट या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका होत्या. स्वच्छतेची शिस्त तेथे त्यांनीच बसविली. प्रतिजैविके हाताशी नव्हती तेव्हा एवढ्या शिस्तीवरच सगळे अवलंबून असे. भांडी कोण धुते, यावर शास्त्र अडून राहते, हे ऐकून मला बरे वाटले.

नातीने मला या गोष्टी तिच्या पद्धतीने सांगितल्या. मी त्या आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. ऊब पाहिजे सदतीस अंशांची, म्हणजे निरोगी अंगाची. दोन-तीन अंश वर गेली की पेशी आजारतात, खाली गेली की सुस्तावतात. दह्याचे विरजण थंडीत लागत नाही आणि कडकडीत दुधात मरते, तसेच. पाणी किंचित अल्कधर्मी असावे लागते. अगदी थोडे, पण नेमके. म्हणून पोषक द्रवात एक लाल रंग घालून ठेवतात. पेशी खाऊ लागल्या, आम्ल टाकू लागल्या की तो रंग नारिंगी होतो आणि मग पिवळा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना? तोच प्रकार, फक्त उलट्या दिशेने. सकाळी कपाट उघडून रंग पाहिला की कोणी उपाशी आहे ते कळते. उबेच्या कपाटातील हवेत शंभरात पाच भाग कार्बन डायऑक्साइड ठेवावा लागतो. तो नसेल तर द्रवाचा तोल बिघडतो आणि पेशी चांगले खाऊनही रोडावतात.

भांड्याला साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात. पाणी एकदा नव्हे, दोन-तीनदा ऊर्ध्वपातन केलेले लागते. आणि बुरशी! लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की काय होते ते आपल्याला सांगायला नको. तेथे तर मीठही नाही, मोहरीही नाही. नुसते गोड कोमट पाणी. एक कण पडला की चार दिवसांत सगळी बशी पांढरी.

दोन गोष्टींनी मला विशेष विचारात पाडले. एक म्हणजे, पेशी एकटी टाकली तर ती वाढतच नाही. शेजार लागतो. प्रत्येक पेशी भोवतीच्या पाण्यात काहीबाही सोडते आणि पुष्कळ जणी मिळून ते पाणी राहण्याजोगे करतात. १९४८ साली अमेरिकेत विल्टन अर्ल यांच्या प्रयोगशाळेत एकट्या पेशीपासून कुटुंब वाढविण्यात यश आले, तेव्हा त्यांनी तिला केसासारख्या बारीक नळीत ठेवले होते. पाणी इतके थोडे की, तिला एकटीला ते आपलेसे करता आले. दुसरी गोष्ट अशी की, निरोगी पेशी बशीभर पसरल्या, एकमेकींना टेकल्या की वाढ थांबवितात. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत. एकीवर एक चढत जातात.

गाय यांच्या प्रयोगशाळेचे नाव जगभर झाले ते १९५१ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णी स्त्री गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर उपचारासाठी आली. तिच्या गाठीचा एक तुकडा गाय यांच्याकडे पोचला. इतर साऱ्या पेशी मरत, या मरेनात. साधारण एका दिवसात दुप्पट, दुसऱ्या दिवशी चौपट. पाच मुलांची ती आई ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारली; तिच्या पेशी आजही वाढत आहेत. पोलिओच्या लशीच्या परीक्षणात त्यांचा उपयोग झाला. पण तुकडा घेताना तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या घरच्यांना ही गोष्ट कळायला वीसहून अधिक वर्षे लागली. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. रक्कम जाहीर झाली नाही. कमलताईंच्या चरित्रात ही बाई कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात कमलताई ही विद्या शिकल्या त्या घराची ही गोष्ट आहे, आणि बायकांच्या मंडळात ती गाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटेना.

कमलताई परत आल्या. खानोलकरांनी स्थापन केलेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ पासून परळला चालू झाले होते. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख करतात. ऊतिसंवर्धन हा शब्द जड आहे, अर्थ तेवढाच: पेशी बाहेर वाढविणे.

अमेरिकेत शिकलेले येथे जसेच्या तसे चालत नाही, हे आपण कोकणातल्यांनी ओळखावे. हापूसचे कलम देशावर नेऊन लावले तर झाड तेच, पण रत्नागिरीच्या कातळावरच्या फळाची चव काही येत नाही. भोवतालची माती, वारा, उष्मा निराळा. तेच पेशींचे. मुंबईचा पावसाळा म्हणजे चामड्याच्या चपलेवरही बुरशी. पोषक द्रव परदेशातून मागवावे तर परकीय चलनाची त्या काळी किती टंचाई होती ते जुन्या माणसांना आठवत असेल. आणि ही द्रव्ये टिकाऊ नव्हेत. वाटेत नासली की संपले. तिकडे १९५५ साली हॅरी ईगल यांनी कोणकोणती द्रव्ये घातली की पेशी जगतात त्याची नेमकी यादी बसविली होती. तेरा अमिनो आम्ले, काही जीवनसत्त्वे, क्षार, साखर. त्यामुळे कोंबडीच्या रक्ताचा अंदाजपंचे कारभार पुष्कळ कमी झाला. साठीच्या दशकाच्या आरंभी कमलताईंनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या आपल्या तरुण साहाय्यकांना हाताशी धरून पोषक द्रव आणि लागणारी इतर द्रव्ये मुंबईतच तयार करविली. चरित्रकार या कामाला एखाद-दुसरी ओळ देतात. मला मात्र त्यांच्या साऱ्या कामांत हे मोठे वाटते. ज्याच्या घरी पीठ नाही त्याने पाककृतीचे पुस्तक घेऊन काय करायचे?

या बळावर त्यांनी कर्करोगाची कारणे, पेशींचे जीवशास्त्र आणि शरीराची प्रतिकारशक्ती असे निरनिराळे विभाग उभे केले. त्यांच्या कामाचा गाभा म्हणजे स्तनाचा कर्करोग. यासाठी त्यांनी उंदरांचे वंश पाळले आणि अभ्यासले. केंद्राच्याच नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वंश तेथे तयार झाला. त्यातील माद्यांना हा रोग फार होई. उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधातून येणाऱ्या विषाणूने पिलांकडे जातो, असे अमेरिकेत बिट्नर यांनी १९३६ साली दाखविले होते. पण नुसता विषाणू पुरत नाही. स्त्रीसंप्रेरके, वंश, मादीला किती वेळा पिले झाली, याचाही त्यात हात असतो. संप्रेरके आणि विषाणू यांचा हा परस्परसंबंध आरंभी ओळखणाऱ्यांत कमलताई होत्या. येथे माझ्यातली शिक्षिका जागी होते, म्हणून बजावते: हे उंदरांचे झाले. माणसांत आईच्या दुधाने कर्करोग होत नाही. उलट ज्या बाईने मुलांना अंगावर पाजले तिला या रोगाचा धोका थोडा कमीच असतो. उद्या कोणी सूनबाईंना भलतेच सांगू नये.

हे लिहिताना मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवत होत्या. त्यांनी गाठ दीड वर्ष लपविली. आम्ही एका घरात, एका चुलीपाशी. मला कळले नाही. न्हाणीघरात त्यांच्या हाताला ती आधी लागली असेल, तेव्हा केवढीशी असेल! दुखत नव्हती म्हणून बोलल्या नाहीत, आणि पुरुष डॉक्टरांना कसे दाखवायचे म्हणूनही. कातडी फुटली तेव्हा बोलल्या. मुंबईस नेले, उशीर झाला होता. त्याच वर्षी मी नववीच्या मुलींना फळ्यावर पेशीचे चित्र काढून दाखवीत होते; पेशी, केंद्रक, पेशीद्रव, खाली नावे आणि बाण. एकीची एक पेशी दोन होते, दोनाच्या चार, आणि न थांबता हे चालू राहिले म्हणजे घरात काय होते, ते त्या चित्रात नव्हते. न दुखणारी गाठच अधिक पाहावी लागते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला सांगितले नाही.

कमलताईंच्या कामाचा दुसरा धागा कुष्ठरोगाचा. रत्नागिरीला हा रोग परका नाही; एकोणिसाव्या शतकातच येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले होते. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधला, पण तो आजतागायत कोणालाही कृत्रिम अन्नावर वाढविता आलेला नाही. असा हट्टी जंतू दुसरा क्वचितच असेल. पोटातले साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला बारा ते चौदा दिवस लागतात, तेही जिवंत शरीरात. या जंतूला मज्जातंतू आवडतात. म्हणून कमलताई, खानोलकर आणि बापट या तिघांनी मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागुच्छांतील पेशी वाढवून त्यांच्या सोबतीत रोग्याच्या अंगातील जंतू वाढविण्याचा प्रयत्न केला. काही तरी वाढले. १९५८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हाच कुष्ठाचा जंतू की दुसराच कोणी, यावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो निराळ्या गोत्रातला ठरला. मग श्रम फुकट गेले का? तसे म्हणवत नाही. मुंबईच्या त्या केंद्रात पुढे याच जंतूपासून कुष्ठरोगावरची लस तयार झाली. दक्षिण भारतात मोठ्या लोकसंख्येवर तिची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले, आणि तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले असे आढळले. तोपर्यंत रोगाला मागे हटविण्याचे काम गोळ्यांच्या एकत्रित उपचाराने केले होते. त्यामुळे ती लस घरोघर पोचली नाही. शास्त्रात असे पुष्कळदा होते.

बाहेर वाढविलेल्या पेशीवर किती विसंबावे, हाही प्रश्न कमलताईंच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या कॅरेल यांनी कोंबडीच्या हृदयाच्या पेशी १९१२ पासून वाढवीत ठेवल्या होत्या आणि त्या १९४६ पर्यंत वाढल्या, म्हणून पेशी अमर आहे असा सगळ्यांचा समज झाला. १९६१ साली हेफ्लिक यांनी दाखविले की, माणसाची निरोगी पेशी सुमारे चाळीस ते साठ वेळा दुणावते आणि थांबते. कितीही चांगले खायला घाला. कॅरेल यांच्याकडे अन्नाच्या अर्काबरोबरच नव्या पेशी पडत असाव्यात, अशी शंका घेतात. १९६६ साली तर आणखी मोठा बॉम्ब फुटला. गार्टलर यांनी सांगितले की, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून ठिकठिकाणी वाढविलेल्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेन्रिएटा लॅक्सच्याच आहेत. जोमदार पेशी दुसऱ्या बाटलीत शिरल्या आणि मूळच्यांना त्यांनी खाऊन टाकले. म्हणजे काही जणांची वर्षेच्या वर्षे वाया. नातीने तिच्या प्रयोगशाळेचे सांगितले की, तेथे अजूनही ठराविक काळाने पेशींची ओळख पटवून घेतात, आणि दोन जातींच्या पेशी एका वेळी टेबलावर घेत नाहीत. शिवाय बशीतल्या पेशीला मिळणारा प्राणवायू शरीरातल्यापेक्षा बराच अधिक असतो, साखरही पुष्कळदा अधिक. माहेरपणाला आलेल्या मुलीसारखे तिचे लाड चाललेले. तिच्या वागण्यावरून तिच्या सासरच्या वागण्याचा अंदाज जपूनच करावा. म्हणूनच कमलताईंच्या कामात बशीतील पेशी, उंदीर आणि रुग्ण स्त्रियांचे तपशील ही तिन्ही बरोबर चाललेली दिसतात.

मानसन्मान थोडक्यात सांगते. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक. १९६६ ते १९७० संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक. १९८२ साली पद्मभूषण. दोनशेहून अधिक शोधनिबंध. परदेशात शिकून तिकडेच राहिलेल्या तरुणांनी परत यावे, यासाठी त्यांनी पुष्कळांना आग्रह केला.

त्यांच्या हाताखाली मुली पुष्कळ होत्या, आणि हुशार मुली लग्नानंतर, मुलानंतर, बदलीनंतर गळताना त्या पाहत होत्या. १९७३ साली मुंबईत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली, तिच्या स्थापनेत कमलताई पुढे होत्या. पुढे वाशीला या संघटनेची स्वतःची जागा झाली. तेथे व्याख्याने आणि शास्त्रप्रसार आहेच. पण त्याबरोबर पाळणाघर आहे आणि नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे. शास्त्रज्ञांच्या संघटनेने पाळणाघर काढावे, हे काहींना विचित्र वाटेल. माझी नात ज्या वसतिगृहात राहते ते हेच, हे मला हा लेख लिहायला बसेपर्यंत ठाऊक नव्हते. गणपतीत ज्या पेशींवर मी रागावले होते त्यांना वेळेवर खायला घालता यावे म्हणून तिला राहायला जागा कोणी केली, ते मग कळले.

निवृत्तीनंतर कमलताईंनी मुंबई सोडून वेगळीच वाट धरली. अकोले तालुक्यात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर राजूर आहे. तेथील सत्यनिकेतन संस्थेच्या सोबतीने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. ज्या बाईने जन्मभर पेशींना कोणते अन्न किती लागते याची मोजणी केली, ती म्हातारपणी मुलांच्या अन्नाची मोजणी करू लागली. गावातील बायकांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले, पोषणाची माहिती दिली, संघटनेमार्फत सरकारी योजनांखाली खेड्यांत कर्करोगाविषयी आणि आरोग्याविषयी काम केले. डोंगरातल्या बाईच्या दारात बसून बोलणे हे प्रयोगशाळेतल्या कामाहून सोपे असेल असे मला वाटत नाही.

२००१ साली कमलताई वारल्या. पुढच्याच वर्षी परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचा कारभार खारघरच्या नव्या वास्तूत हलला. त्यांच्या एकशे चौथ्या जन्मदिवशी, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, गूगलच्या पानावर त्यांचे चित्र झळकले होते. सूक्ष्मदर्शकाशी बसलेली, साडीतली बाई. नातीने ते मला तेव्हाच पाठविले होते. मी नुसते छान म्हणून कळविले आणि विसरून गेले.

वर्धापनदिनाला नात सुट्टी काढून येणार आहे. त्या दोन दिवसांसाठी तिच्या पेशींना खायला घालायचे काम वसतिगृहातल्या मैत्रिणीने पत्करले आहे. शाळेतून एक सूक्ष्मदर्शक मागून आणायचे ठरविले आहे. दुपारच्या अल्पोपाहारानंतर सभागृहाच्या मागल्या खोलीत ती कांद्याच्या पापुद्र्यातील आणि गालाच्या आतील पेशी दाखवील. गाठ स्वतः कशी तपासावी, हेही ती तेथे सांगेल. त्या वेळी खोलीत फक्त बायकाच असतील. ज्यांना जवळचे दिसत नाही त्यांनी चष्मा विसरू नये.